खापरपणजोबा सरकारी दप्तरात कसे शोधायचे?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांना, म्हणजे सगळे ज्याला रेकॉर्ड रूम म्हणतात त्या खोल्यांना, कधी नव्हे इतके महत्त्व आले. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासणे एवढेच आरंभी समितीचे काम होते. पुढे तिची व्याप्ती राज्यभर वाढली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय निघाल्यावर पणजोबांचे नाव शोधणाऱ्यांत आणखी भर पडली. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहून झाले आहे. तो वाद हा या लेखाचा विषय नाही. विषय त्याच्या अलीकडचा आहे: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या साध्या शेतकऱ्याचे, सुताराचे किंवा मजुराचे नाव मुळात कागदावर आले कसे, ते आज कुठे पाहायचे, आणि सापडलेला माणूस आपलाच पूर्वज आहे हे कशावरून ठरवायचे?

कागद तुमच्यासाठी लिहिलेला नाही

वंशावळ शोधणाऱ्याने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. जुने दप्तर कोणाच्या कुळाचा इतिहास जपण्यासाठी लिहिलेले नाही. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव येते ते त्याच्याकडून येणे असते म्हणून, आणि सरकारी दप्तराचेही तसेच आहे: ज्याच्याकडून सारा, सेवा, दंड किंवा निदान माहिती हवी होती, त्याचे नाव लिहिले गेले, आणि ज्याच्याकडून काहीच नको होते त्याचे राहून गेले. त्यामुळे ‘माझे पणजोबा कुठे सापडतील?’ या प्रश्नापेक्षा ‘माझ्या पणजोबांकडून कोणाला काय हवे होते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. जमीन असेल तर महसूल खात्याचे कपाट. शाळेत गेले असतील तर शाळेचे. दारूचा किंवा ताडीचा परवाना असेल तर उत्पादन शुल्क खात्याचे. भांडण कोर्टात गेले असेल तर कोर्टाचे. आणि पलटणीत भरती झाले असतील तर लष्कराचे.

या कसोटीवर हैदराबाद गॅझेटियरचा गोंधळही सुटतो. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाची भूगोल, शेती, व्यापार, लोकसंख्या इत्यादी माहिती एकत्र देणारा सरकारी ग्रंथ. कारभार करणाऱ्याला प्रांताची ओळख व्हावी हा त्याचा हेतू, म्हणून त्यात कोणत्या भागात कोणत्या समाजाचे किती लोक आहेत याचे आकडे असतात. माणसांची नावे नसतात. तो कितीही वाचला तरी पणजोबा त्यात भेटणार नाहीत. त्यांच्यासाठी गावाचेच रजिस्टर उघडावे लागते.

जनगणनेचाही उपयोग होत नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही. इंटरनेटवरचे वंशशोधाचे बहुतेक मार्गदर्शन अमेरिका आणि इंग्लंडमधल्या लोकांसाठी लिहिलेले आहे. अमेरिकेत जनगणनेची घरोघरची पत्रके ७२ वर्षांनी खुली होतात, आणि जिल्ह्याचे कोर्ट व गावाचे कब्रस्तान ही तिथे शोधाची पहिली दोन ठिकाणे असतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गोपनीय ठरवली आहे. १९३१ च्या जनगणनेतले जातींचे आकडे छापील अहवालात मिळतात, कोणाच्या घरात कोण राहत होते ते मिळत नाही. अपवाद एकच, आणि तोही अर्धवट: १९५१ च्या जनगणनेवरून तयार केलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर काही तहसील कार्यालयांत अजून शिल्लक आहे.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून

शोध नेहमी माहीत असलेल्या माणसाकडून माहीत नसलेल्याकडे, म्हणजे आजपासून मागे करावा. उलट बाजूने, एखाद्या प्रसिद्ध घराण्यापासून स्वतःपर्यंत येण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि त्या वाटेने गेलेला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या तरी सरदाराचा वंशज निघतो.

घरात जमीन असेल तर सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जे क्रमांक दिसतात ते फेरफारांचे असतात. फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, ही जमिनीच्या हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंदवही. खरेदी, गहाण, वाटणी आणि वारस हे सगळे बदल तिथे तारखेसह लिहिलेले असतात. वंशशोधासाठी यांतली वारसाची नोंद सर्वांत मोलाची, कारण अमुक खातेदार अमुक तारखेला मयत झाला आणि त्याच्या मागे अमुक मुलगे, अमुक पत्नी असे वारस आहेत, हे तिच्यात एका परिच्छेदात मिळते. एक फेरफार वाचला की त्यात आधीच्या फेरफाराचा धागा सापडतो, आणि असे करत करत हक्कनोंदणीच्या आरंभापर्यंत जाता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, पण अनेक गावांत प्रत्यक्ष नोंदी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाल्या; त्या काळच्या खातेदारांची नावे जुन्या कडईपत्रकात, म्हणजे हक्कनोंदणीच्या ‘क’, ‘ड’ आणि ‘ई’ या पत्रकांत मिळतात.

मधे एक खड्डा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार पुढच्या दशकांत अनेक गावांतल्या जमिनींचे गट पाडले गेले आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९३० चा कागद मागायला गेलेला माणूस म्हणूनच रिकाम्या हाताने परततो. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला याचे पत्रक तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असते. ते आधी मिळवावे. त्याच्याही मागे जायचे असेल तर ब्रिटिशांच्या मूळ मोजणीचे कागद आहेत. आधीचा प्रयत्न फसल्यावर १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची मोजणी व साराआकारणी केली, तीच पुढे इलाख्यात पसरली, आणि साऱ्याचे दर साधारण तीस वर्षांसाठी ठरवले जात असल्याने मोजणीची पुन्हा उजळणी होत राहिली. शेतवार पत्रक, पक्के बुक, क्लासर रजिस्टर ही त्या मोजणीची अपत्ये आहेत.

काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर पाहायला मिळतात, पण तिथे नाही म्हणजे कुठेच नाही असे समजू नये. नकलेसाठी तहसीलदारांकडे साधा अर्ज करावा, त्यात गाव, नमुना आणि सालांचा पट्टा स्पष्ट लिहावा. ‘आमच्या पूर्वजांची सर्व माहिती मिळावी’ असा अर्ज कारकुनाच्या हाती दिला तर तो खाली ठेवला जातो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही.

कोतवाल बुक

जमिनीच्या कागदातून मृत्यूची तारीख मिळाली की दुसरे कपाट उघडते. जुन्या काळी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होत असे, आणि ती वर्दी देण्याचे काम कोतवालाकडे असल्याने या वहीला सगळे कोतवाल बुकच म्हणतात. (आज तलाठ्याकडे नमुना १४ मागितला तर पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही पुढे येईल; नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा अर्जात ‘जन्म-मृत्यू नोंदवही’ असेच लिहावे.) ही वही सरकारला हवी होती ती साथीच्या भीतीने. गावात किती जन्मले, किती मेले आणि कशाने मेले हे वर कळवायचे असे, म्हणून मृत्यूच्या कारणाचा रकाना तिच्यात हमखास असतो आणि तो ताप, हगवण, पटकी, देवी अशा चारपाच शब्दांनी भरलेला असतो. १८९६ नंतर प्लेग दिसू लागतो, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत, एकेका गावाची पानेच्या पाने भरलेली सापडतात.

जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण वर्दी बारशाच्या आधी गेलेली असे. ‘राणू बिन सखू, कुणबी, मुलगा’ एवढाच मजकूर असतो. पाहताक्षणी ही नोंद निरुपयोगी वाटते, पण नीट पाहिले तर तिच्यात तीन पिढ्या आहेत: जन्मलेला मुलगा, त्याचा बाप राणू आणि राणूचा बाप सखू. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’; विदर्भ-मराठवाड्यात त्याच जागी ‘वल्द’ येते. बायकोसाठी ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘जौजे’ लिहितात.

समजा, उदाहरणापुरते, फेरफारावरून कळले की गणू बिन राणू १९३७ मध्ये वारला. कोतवाल बुकाच्या १९३७ च्या पानावर त्याचे वय ५५ दिले आहे. तेव्हा जन्म १८८२ च्या आसपासचा. मात्र ही वये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अंदाजाने सांगितलेली असतात आणि पाच-दहाच्या पटीत गोळाबेरीज केलेली असतात, म्हणून १८७७ ते १८८७ अशी दहाएक वर्षांची पाने पाहावीत आणि ‘राणू’ या बापाच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्याव्यात, केवळ एक नव्हे. त्यात गणूचे भाऊ-बहीण दिसतात, आणि पुढे खरेखोटे ठरवताना तेच उपयोगी पडतात.

शाळेचे जनरल रजिस्टर, ज्याला काही भागांत दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात, हा त्यानंतरचा आधार. त्यात मुलाचे व पालकाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जन्मतारखेवर फार विसंबू नये; १ जून ही तारीख मास्तरांनी लावलेली असते हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. शाळा सोडल्याचे कारण मात्र वाचावे. ‘गुरे राखणे’, ‘मुंबईस गेला’ असे दोन शब्द तिथे सापडतात, आणि पुढचा शोध कोणत्या शहरात घ्यायचा तेही त्यावरूनच कळते.

एका राज्यात तीन दप्तरे

वर सांगितलेली रीत मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्याची, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणाची. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथले जुने कागद उर्दूत, काही फारसीत, आणि साल फसली. मोजणीसाठी सेतवार, इनामासाठी मुंतखब, आणि हैदराबाद संस्थान संपल्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले खासरा पत्रक ही तिथली महत्त्वाची कागदपत्रे. खासरा पत्रक मराठीत असल्याने तिथून सुरुवात करणे सोपे. नागपूर भागात मध्य प्रांताची पद्धत होती, म्हणून तिथे बंदोबस्ताच्या, म्हणजे साराआकारणीच्या, मिसली (फायली) आणि अधिकार अभिलेख मागावे लागतात. पुण्याच्या नातेवाइकाने सांगितलेला नमुना क्रमांक घेऊन परभणीच्या किंवा भंडाऱ्याच्या कार्यालयात गेले तर काही हाती लागणार नाही.

मोडी अक्षर आणि विसरलेले सन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडी ही वेगळी भाषा नव्हे. मराठीच, पण भरभर लिहिण्यासाठी वळवलेल्या अक्षरांत. आधी ओळभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही, अशी तिची रीत. वाचणाऱ्याला शब्द कुठे तुटतो ते संदर्भाने ओळखावे लागते. नावे वाचताना नेमका हाच संदर्भ नसतो. ‘सारा’, ‘जमीन’, ‘कसणार’ हे शब्द अंदाजाने लागतात, पण ‘राणू’ की ‘रामू’ हे अंदाजाने ठरवून चालत नाही. आयआयटी रुडकीने २०२५ मध्ये मोडी मजकूर देवनागरीत आणणारी संगणकीय प्रणाली जाहीर केली आहे, आणि ती सुधारत जाईल यात शंका नाही. तरी नावापुरते माझे मत असे की दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे वाचलेले खरे मानावे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेते. ज्याला चार-पाच गावांचे कागद पाहायचे आहेत, त्याने दरवेळी वाचणाऱ्याला पैसे मोजण्यापेक्षा मोडी शिकून घेणे बरे.

सालांचे गणित त्या मानाने सरळ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मराठवाड्यातल्या फसली सालात साधारण ५९० मिळवावेत. पेशवाईतल्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे; ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२, अर्थात जून १७७१ ते जून १७७२. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून एकाच शुहूर सनात दोन इसवी सने येतात.

पेशवाईपर्यंत जायची वेळ मात्र थोड्यांवरच येते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, जोशी, इनामदार अशी वतने ज्यांच्या घरी होती, त्यांच्या पूर्वजांनी हक्क शाबित करण्यासाठी वेळोवेळी आपली वंशावळ सरकारात सादर केलेली असते, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इनाम कमिशनने प्रत्येक इनामाचा पुरावा मागितला तेव्हा. पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, अशा कैफियती आहेत. वतनाचा वाद झाला असेल तर निवाडपत्रात दोन्ही बाजूंच्या वंशावळी मिळतात आणि त्या परस्परांना खोडून काढणाऱ्या असतात. कज्जेदलाल पूर्वज असणे इथे भाग्याचे ठरते.

‘आमच्याकडे जमीनच नव्हती’

हा आक्षेप रास्त आहे, आणि वर मांडलेल्या सूत्राची कडू बाजूही इथेच दिसते. सरकारला ज्यांच्याकडून सारा मिळत नव्हता त्यांची नोंद त्याने कमी ठेवली. ज्यांच्याकडून फक्त राबणूक हवी होती त्यांची त्याहून कमी. तरीही दप्तर अगदीच कोरे नाही. महारकी आणि इतर बलुतेदारी वतने १९५८ च्या कायद्याने संपली, आणि ती संपवताना कोणत्या जमिनीवर कोणाचा हिस्सा होता याच्या याद्या झाल्या; वतनाच्या जमिनी पुनर्प्रदानाने परत मिळाल्याच्या नोंदी फेरफारात आहेत. एकाच वतनात अनेक घरांचा हिस्सा असल्याने अशा एका नोंदीत कधीकधी संपूर्ण वस्तीची नावे येतात. कुळ म्हणून जमीन कसणाऱ्यांची नावे कुळ नोंदवहीत असतात. दुय्यम निबंधकाकडच्या जुन्या दस्तांत गहाणखत, भाडेचिठ्ठी, दत्तकपत्र असते, आणि घेणाऱ्या-देणाऱ्याशिवाय खाली साक्षीदारांची नावे असतात, ती कोणी सहसा वाचत नाही.

भटक्या आणि विमुक्त जमातींचे काय? १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला, त्यांचे ठावठिकाणे पोलिसांना हवे होते, म्हणून हजेरीची रजिस्टरे झाली. सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये माणसे मोजली गेली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आजोबांचे नाव मिळावे म्हणून नातवाला पोलिसांचे जुने रजिस्टर उघडावे लागणे यात अपमान आहे, पण दुसरा लेखी पुरावा अनेकदा नसतो.

दगडावरची नावे

कब्रस्तान हा पाश्चात्त्य वंशशोधाचा कणा आहे. आपल्याकडे बहुसंख्यांचे दहन होत असल्याने तो कणाच नाही. ज्या समाजांत दफन होते तिथेही बहुतेक ठिकाणी नाव कोरण्याची रीत नव्हती, आणि गावोगावच्या वीरगळांवर लढाईचे चित्र असले तरी नाव क्वचित असते. दगड बोलतो तो काही समाजांपुरता. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाच्या दफनभूमीत हिब्रू आणि मराठी दोन्ही लिपींत नावे कोरलेली सापडतात, आणि त्यांची आडनावे बहुधा गावावरून पडलेली असल्याने दगडावरून थेट गाव कळते. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांना दगडापेक्षा चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या वह्या अधिक मागे नेतात. गोव्यात त्यांच्या जोडीला पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी आणि पणजीचे पुराभिलेख आहेत.

आणखी एक दगड आपल्या अनेक गावांत आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामास आले’ असा मजकूर असलेली पाटी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली असते. तिच्यावर संख्या असते, नावे नसतात. नावे हवी असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर कामास आलेल्या शिपायांची यादी मोफत पाहता येते. तिच्यात अनेकदा बापाचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात होत्या, त्यामुळे ‘पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ असे ज्या घरात सांगतात त्यांनी ही यादी जरूर पाहावी. बसऱ्याच्या स्मारकावर मूळ फलक बसवले तेव्हा भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि शिपायांची केवळ संख्या दिली. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर मात्र साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची नावे आहेत.

उपाध्यांची वही आणि हेळव्यांची चोपडी

आपल्याकडे दफनभूमीची उणीव भरून काढतात ते तीर्थोपाध्ये. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, पैठण, काशी, प्रयाग, गया, गोकर्ण या क्षेत्रांत प्रत्येक उपाध्ये घराण्याकडे ठरावीक गावे किंवा आडनावे वाटून दिलेली असतात, आणि यजमान आला की त्याने वहीत आपला मजकूर लिहायचा असतो. गाव आणि आडनाव सांगितले की दोन-तीन ठिकाणी विचारत योग्य घर सापडते. मग माळ्यावरची लांबट, दोरीने बांधलेली वही खाली येते, आणि तिच्यात शके, मौजे, आलेल्याचे नाव, बाप, आजा, भाऊ, चुलते, मुलगे, आणि शेवटी ‘दस्तूर खुद्द’, म्हणजे स्वतःच्या हातची सही, असते. श्राद्धात आई, आजी आणि आईकडचे पूर्वजही उच्चारावे लागतात, म्हणून सरकारी कागदांत न सापडणारी स्त्रियांची नावे या वहीत अनेकदा मिळतात. दोन पथ्ये पाळावीत: वहीचा फोटो घेण्यापूर्वी विचारावे, कारण ती त्या घराची खाजगी मालमत्ता आणि उपजीविका आहे, आणि आपलाही मजकूर, लेकीसुनांच्या नावांसह, लिहून यावा.

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे हेळवी सुगीनंतर दारात येतात आणि यजमानाची वंशावळ म्हणून दाखवतात. इतरत्र भाट हेच काम करतात. त्यांच्या पोथीतल्या अलीकडच्या सहा-सात पिढ्या बहुधा चोख असतात. त्यापलीकडे वंशावळ एकदम उत्तरेतल्या एखाद्या राजकुळाला भिडते, तो भाग कौतुकाने ऐकावा आणि वेगळ्या वहीत लिहावा. ज्याने बिदागी द्यायची त्याला कुळाची थोरवी ऐकायला आवडते, हे हेळव्यालाही कळते.

जे समुद्रापलीकडे गेले त्यांचा माग कधीकधी घरी राहिलेल्यांपेक्षा स्पष्ट असतो. मॉरिशसला मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी गिरमिटियांची नोंद तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या रजिस्टरांत आहे, कारण करारावर नेलेल्या प्रत्येक मजुराला तिथल्या सरकारने क्रमांक दिलेला होता. तिथल्या कुटुंबांना गावाचे नाव कळलेले असते; पुढचे काम इथल्या रेकॉर्ड रूममध्ये असते.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला का?

नाही. एका गावात एकाच वेळी तीन गणू असणे अगदी साधी गोष्ट आहे, आणि जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतेच, किंवा एका कागदावर ‘पाटील’ आणि दुसऱ्यावर मूळ आडनाव असते. म्हणून नावाबरोबर बापाचे नाव, गाव, आणि त्याशिवाय जमिनीचा नंबर, भावाचे नाव किंवा मृत्यूचे साल यांपैकी निदान एखादी गोष्ट जुळल्याशिवाय पिढी जोडू नये. दत्तकाकडे विशेष लक्ष द्यावे. दत्तक मुलाच्या पुढे दत्तक बापाचे नाव लागते आणि त्याचे जनक घर कागदावरून नाहीसे होते, त्यामुळे अचानक ‘बाप बदललेला’ दिसला तर वाचण्यात चूक झाली असे समजण्याआधी दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र पाहावे. प्रत्येक नोंदीसोबत कार्यालय, रजिस्टर, पान आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवावी.

जातीच्या दाखल्यासाठी शोधणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. जुनी नोंद सापडणे ही पायरी आहे, दाखला नव्हे. नोंदीतल्या व्यक्तीपासून अर्जदारापर्यंतचे रक्ताचे नाते सलग कागदांनी दाखवावे लागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आणि त्यानंतर पडताळणी समितीचा दक्षता कक्ष मूळ रजिस्टर काढून शाई, अक्षर आणि नोंदीचा क्रम तपासू शकतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना अधिक वजन असते असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, पण ते वजन खऱ्या कागदांना. दोन ओळींच्या मधे दाटीने घुसवलेली नोंद विकणारे लोक आहेत, आणि अशी नोंद घेणाऱ्याचा खरा दावाही तिच्यामुळे बुडतो.

आजीकडची बाजू

या सगळ्या खटाटोपातून जी वंशावळ तयार होते तिच्यात बहुधा पुरुषच असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी मुलगे असलेल्या घरात वारस म्हणून मुलींची नोंद होत नसे, आणि कायद्यानंतरही अनेक गावांत तलाठ्यासमोर बहिणींची नावे सांगितलीच गेली नाहीत किंवा हक्कसोडपत्राने लगेच कमी केली गेली. ते हक्कसोडपत्र मात्र उपयोगी कागद आहे, कारण त्यात बहिणीचे सासरचे नाव आणि गाव लिहिलेले असते. शाळेच्या रजिस्टरात मुली उशिरा आल्या. लग्नाने नाव बदलले की माहेरची ‘गोदी’ सासरच्या कागदावर ‘लक्ष्मी’ होते.

वाट शोधायची ती एका जुन्या रिवाजातून. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्याने थोरल्या मुलाच्या जन्माची वर्दी बापाच्या गावी न जाता अनेकदा आजोळच्या गावी गेलेली असते. आजोबांचा जन्म स्वतःच्या गावच्या कोतवाल बुकात सापडत नाही, म्हणून शोध सोडून देणारे पुष्कळ आहेत. घरात कोणी वडीलधारे असतील तर पणजीचे माहेर कोणते एवढे त्यांना आजच विचारावे, आणि त्या गावच्या नोंदवहीची तीच साले तहसीलदारांकडे नव्या अर्जाने मागावीत.